मोल: न मोजता मोजण्याचे माप

पदवीपूर्व महाविद्यालये सुरू झाली की दरवर्षी या सदराकडे येणाऱ्या पत्रांत रसायनशास्त्राची पत्रे वाढतात. या वेळी त्यांतली बहुतेक एकाच शब्दाभोवती फिरत होती. काही पत्रे विद्यार्थ्यांची होती, एक शिक्षकांचे, एक ऊस पिकवणाऱ्या शेतकऱ्याचे आणि एक निवृत्त गृहस्थांचे. शेवटच्या दोघांना आपला प्रश्न मोलाबद्दल आहे याची कल्पना नसावी, पण तो त्याबद्दलच आहे. म्हणून हा संपूर्ण अंक मोलालाच दिला आहे. खाली ‘वजन’ हा शब्द मी बाजारातल्या अर्थाने, म्हणजे वस्तुमान या अर्थाने वापरला आहे. भौतिकशास्त्राच्या शिक्षकांनी तेवढे सांभाळून घ्यावे.

प्रश्न (नंदगड, ता. खानापूर): दहावीपर्यंत माझे शिक्षण मराठी माध्यमात झाले. आता पीयूसीच्या पहिल्या वर्षाला विज्ञान शाखेत आहे आणि सगळे विषय इंग्रजीतून आहेत. एका ठिकाणी मोल म्हणजे १२ ग्रॅम कार्बन, दुसऱ्या ठिकाणी मोल म्हणजे ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात आणि तिसऱ्या ठिकाणी मोल म्हणजे २२.४ लिटर असे लिहून घेतले आहे. मग मोल हे वजन आहे, संख्या आहे की आकारमान? सूत्रात आकडे घातले की गणिते सुटतात, पण काय चालले आहे ते कळत नाही.

उत्तर: मोल हे संख्येवर आधारलेले माप आहे. वजन आणि आकारमान ही त्या संख्येपर्यंत पोहोचण्याची दोन दारे आहेत, आणि तुझ्या वहीत घर आणि दारे एकाच ओळीत लिहिली गेल्यामुळे हा गोंधळ झाला आहे.

पुस्तके येथे डझनाची उपमा देतात. ती चुकीची नाही, पण अपुरी आहे, कारण डझनभर केळी आपण बोटांनी मोजून घेतो आणि मोल मात्र आजवर कोणी एकेक करून मोजलेला नाही. मला त्यापेक्षा गणेशोत्सव मंडळाच्या दानपेटीचा दाखला जवळचा वाटतो. पेटी उघडल्यावर नाण्यांचा ढीग पडतो आणि तो एकेक नाणे उचलून मोजायला बसले तर रात्र सरते. समज, कार्यकर्त्यांनी एक आणि दोन रुपयांची नाणी वेगळी केली आणि ती सर्व २०११ सालच्या मालिकेतील निघाली. त्या मालिकेतील एक रुपयाचे नाणे ३.७९ ग्रॅमचे आणि दोन रुपयांचे ४.८५ ग्रॅमचे आहे. आता पहिली पिशवी काट्यावर ७ किलो ५८० ग्रॅम भरली तर तिच्यात २००० नाणी आहेत, आणि दुसरी ९ किलो ७०० ग्रॅम भरली तर तिच्यातही २०००च आहेत. दोन पिशव्यांची वजने वेगळी आहेत, नाण्यांची संख्या मात्र तीच आहे, आणि एकाही नाण्याला हात न लावता ती आपल्याला कळली.

याच्याही पुढची एक गोष्ट ध्यानात घे. एका नाण्याचे वजन किती ग्रॅम हे मला ठाऊक नसते आणि दोन प्रकारच्या नाण्यांच्या वजनांचे प्रमाण ३७९ला ४८५ असे आहे एवढेच ठाऊक असते, तरी ३७९ ग्रॅम आणि ४८५ ग्रॅम अशा दोन ढिगांत नाणी सारखीच आहेत हे मी ठामपणे सांगू शकलो असतो. एकोणिसाव्या शतकातील रसायनशास्त्रज्ञांची स्थिती नेमकी अशी होती. कार्बनचा अणू हायड्रोजनच्या अणूच्या सुमारे बारा पट, ऑक्सिजनचा सोळा पट आणि अ‍ॅल्युमिनियमचा सत्तावीस पट जड आहे हे त्यांनी शोधून काढले होते. एक अणू ग्रॅममध्ये किती भरतो हे मात्र त्यांना माहीत नव्हते. तरीही १ ग्रॅम हायड्रोजन, १२ ग्रॅम कार्बन, १६ ग्रॅम ऑक्सिजन आणि २७ ग्रॅम अ‍ॅल्युमिनियम यांत अणूंची संख्या सारखी असते हे त्यांना कळत होते. ती सारखी संख्या म्हणजेच एक मोल. ती नेमकी किती हे ठरायला पुढे अनेक दशके लागली, आणि तोपर्यंत रसायनशास्त्राचे काम अडून राहिले नाही.

संख्या हवीच कशाला, असे तू विचारशील. कारण अणू एकमेकांशी वजनाने जोडले जात नाहीत, संख्येने जोडले जातात. आपल्या बेळगावच्या कारखान्यात बॉक्साइटपासून अ‍ॅल्युमिना तयार होते. तिच्यात अ‍ॅल्युमिनियमच्या दोन अणूंमागे ऑक्सिजनचे तीन अणू असतात. मोलांत हिशेब केला तर दोन मोल अ‍ॅल्युमिनियम म्हणजे ५४ ग्रॅम, तीन मोल ऑक्सिजन अणू म्हणजे ४८ ग्रॅम, एकूण १०२ ग्रॅम. म्हणून १०२ टन शुद्ध अ‍ॅल्युमिनापासून जास्तीत जास्त ५४ टन धातू मिळेल, आणि कितीही कुशल अभियंता नेमला तरी पंचावन्नावा टन निघणार नाही. दोनास तीन हे प्रमाण काट्यावर कधीच दिसत नाही. काट्यावर दिसते ते ५४ला ४८. या दोन प्रमाणांमधला दुभाषी म्हणजे मोल.

तुझ्या वहीतील तीन ओळींचा अर्थ आता असा लागतो. ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात ही संख्या सगळ्या पदार्थांना सारखीच लागू आहे. १२ ग्रॅम हे वजन फक्त कार्बनचे आहे. पाण्याला ते १८ आणि साखरेला ३४२ होते. २२.४ लिटर हे फक्त वायूंना लागू आहे, तेही ठरावीक तापमानाला आणि ठरावीक दाबाला. त्याबद्दल पुढे वेगळा प्रश्न आलेला आहे.

अणुभारांच्या तक्त्यात क्लोरीनपुढे ३५.५ असा अपूर्णांक पाहून गोंधळू नकोस. दानपेटीत एक रुपयाची जुनी जड नाणी आणि पुढच्या मालिकेतील हलकी नाणीही पडलेली असतात, आणि तशा मिसळलेल्या पिशवीचा हिशेब सरासरी वजनानेच करावा लागतो. निसर्गातील क्लोरीन ही अशीच मिसळलेली पिशवी आहे. तिच्यातील सुमारे तीन चतुर्थांश अणू ३५ वजनाचे आणि एक चतुर्थांश ३७ वजनाचे असतात.

परीक्षेत ज्या जागी सर्वाधिक गुण जातात ती जागाही सांगून ठेवतो. नुसते ‘एक मोल ऑक्सिजन’ हे वाक्य अपुरे आहे. अणूंचा मोल असेल तर १६ ग्रॅम होतात, आणि हवेतल्या ऑक्सिजनप्रमाणे दोन-दोन अणूंच्या रेणूंचा मोल असेल तर ३२ ग्रॅम. कशाचा मोल हे सांगितल्याशिवाय मोल हा शब्द लिहू नये. ‘शेकडा किती?’ एवढेच विचारले तर दुकानदारही आधी ‘कशाचा, नारळाचा की लिंबांचा?’ असे विचारतो.

शब्दाविषयी थोडे. आपल्या मराठी कानाला मोल म्हटले की मोलमजुरी, अनमोल, मातीमोल आठवते आणि हे किमतीचे काही असावे असे वाटते. तो मोल संस्कृत ‘मूल्य’ शब्दावरून आला आहे आणि त्याचा याच्याशी काहीही संबंध नाही. हा मोल जर्मन भाषेतून आला. लॅटिनमध्ये ढीग किंवा मोठे वस्तुमान या अर्थाचा एक शब्द आहे, त्याचे लघुरूप म्हणजे रेणूसाठीचा युरोपीय शब्द, आणि तो पुन्हा तोडून केलेले रूप म्हणजे मोल. तुझ्या वर्गातील कन्नड मैत्रिणी हा शब्द ऐकून हसल्या असतील तर त्याचेही कारण आहे. कन्नडमध्ये ओकार ऱ्हस्व ठेवून ‘मोल’ म्हटले की ससा होतो. त्यांच्या पुस्तकात हे एकक दीर्घ ओकाराने लिहिलेले असते.

प्रश्न (निपाणी): मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. मुले विचारतात की हा आकडा कोणी मोजला आणि इतका वेडावाकडा का घेतला. सरळ दहाचा चोविसावा घात घेतला असता तर काय बिघडले असते? अ‍ॅव्होगॅड्रो यांनी तो मोजला असे मी आजवर सांगत आलो आहे. ते बरोबर आहे का?

उत्तर: सर, शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ही चूक माझ्याकडूनही अनेक वर्षे झालेली आहे. अ‍ॅव्होगॅड्रो यांनी हा आकडा मोजला नाही आणि त्यांना तो माहीतही नव्हता. या इटालियन शास्त्रज्ञाने १८११ साली एवढेच मांडले की समान तापमानाला आणि समान दाबाला कोणत्याही वायूच्या समान आकारमानात रेणूंची संख्या समान असते. ती संख्या किती, याविषयी ते काहीही सांगू शकत नव्हते. त्यांच्या म्हणण्याकडे त्यांच्या हयातीत फारसे लक्ष दिले गेले नाही. १८५६ साली ते वारले, आणि १८६० साली कार्ल्सरूह येथे भरलेल्या रसायनशास्त्रज्ञांच्या परिषदेनंतर, त्यांचेच देशबांधव कानिझारो यांच्या खटपटीमुळे, ही कल्पना सर्वांच्या गळी उतरली. हवेच्या रेणूचा आकार किती असावा याचा पहिला समाधानकारक अंदाज १८६५ साली लोश्मिट या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने केला आणि त्यावरून संख्येचा अंदाज बांधणे शक्य झाले. संख्येला अ‍ॅव्होगॅड्रो यांचे नाव देण्याची सूचना फ्रान्सच्या झाँ पेरँ यांनी १९०९ साली केली. म्हणजे ज्यांच्या नावाने आपण ती शिकवतो त्यांना जाऊन तेव्हा अर्धशतक उलटले होते.

पेरँ यांचा प्रयोग वर्गात जरूर सांगावा. त्यांनी गँबोज नावाचा एक पिवळा डिंक घेतला. तो ज्या झाडापासून मिळतो ते आपल्या खानापूरच्या रानातील कोकमाच्याच प्रजातीतले. या डिंकाचे अगदी सारख्या आकाराचे बारीक कण वेगळे करून ते पाण्यात सोडले, आणि सूक्ष्मदर्शकातून वेगवेगळ्या उंचीवर किती कण तरंगत आहेत ते अक्षरशः मोजले. डोंगरावर जावे तशी हवा विरळ होते, तसे हे कणही वर जावे तसे विरळ होत होते. हवेतील रेणू विरळ व्हायला कित्येक किलोमीटर लागतात, आणि हे डिंकाचे कण रेणूपेक्षा खूप जड असल्यामुळे मिलिमीटरच्या अंशातच विरळ होतात. कणाचे वजन माहीत होते, विरळ होण्याचा वेग मोजला होता, त्यावरून रेणूचे वजन आणि रेणूच्या वजनावरून मोलातील संख्या निघाली. इतर अगदी वेगळ्या मार्गांनी काढलेल्या संख्याही तिच्या जवळपास येत होत्या. अणू खरोखर अस्तित्वात आहेत याविषयी ज्यांना शंका होती त्यांची तोंडे या जुळण्याने बंद झाली.

त्या शंकेखोरांत सर्वांत मोठे नाव रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म ऑस्टवाल्ड यांचे होते, आणि मौज अशी की १८९०च्या दशकात ‘मोल’ हा शब्द रूढ केला तो त्यांनीच. अणू मानायला तयार नसलेल्या या गृहस्थांच्या दृष्टीने मोल हे निव्वळ वजनाचे माप होते. १९०९ सालच्या सुमारास त्यांनी आपले मत बदलल्याचे जाहीर केले. मोल हे वजन की संख्या, या आपल्या विद्यार्थ्यांच्या गोंधळाला इतका मानाचा पूर्वज आहे, हे त्यांना अवश्य सांगावे.

आणखी एक मार्ग वीज वापरणारा आहे आणि तो फळ्यावर दोन ओळींत मांडता येतो. चांदीच्या क्षाराच्या द्रावणातून वीज सोडून एक मोल, म्हणजे सुमारे १०७.९ ग्रॅम चांदी जमवायची असेल तर सुमारे ९६,४८५ कूलोम विद्युतभार लागतो, आणि चांदीच्या प्रत्येक आयनाला, म्हणजे विद्युतभारित अणूला, एक इलेक्ट्रॉन लागतो. मिलिकन यांच्या तेलाच्या थेंबांच्या प्रयोगामुळे एका इलेक्ट्रॉनचा भार हाती आला. एकूण भाराला एकाच्या भाराने भागले की इलेक्ट्रॉनांची संख्या, म्हणून चांदीच्या अणूंची संख्या मिळते. अलीकडच्या काळातील सर्वांत काटेकोर मोजणी सिलिकॉनच्या एका गोळ्यावर झाली. तो गोळा जवळजवळ शुद्ध सिलिकॉन-२८ चा (म्हणजे २८ वजनाच्या सिलिकॉन अणूंचा), सुमारे एक किलो वजनाचा आणि सुमारे ९४ मिलिमीटर व्यासाचा होता. स्फटिकातील अणूंमधली अंतरे क्ष-किरणांनी मोजली, गोळ्याचे आकारमान मोजले, आणि गोळ्यात अणूंच्या किती खोल्या बसतात ते काढले.

आता आकड्याच्या वेडेवाकडेपणाबद्दल. हा आकडा निसर्गाने दिलेला नाही. तो ग्रॅमने दिलेला आहे. कार्बनचा अणू १२ मानला तर किती अणू घेतले म्हणजे काट्यावर १२ ग्रॅम भरतील, या प्रश्नाचे ते उत्तर आहे. समजा, रसायनशास्त्र आपल्या सराफकट्ट्यावर जन्मले असते आणि ग्रॅमऐवजी जुना ११.६६ ग्रॅमचा तोळा वापरात असता, तर १२ तोळे कार्बनमधील अणूंना मोल म्हटले गेले असते आणि आपण ७०२ या आकड्यापुढे बावीस शून्ये पाठ करत बसलो असतो. रसायनशास्त्राचे एकही समीकरण त्यामुळे बदलले नसते. दहाचा चोविसावा घात घेतला असता तरीही काही कोसळले नसते, मात्र मग कार्बनचा मोल १२ ऐवजी १९.९ ग्रॅमचा झाला असता आणि अणुभाराचा आकडा पाहून थेट ग्रॅममध्ये तोलण्याची सोय गेली असती. सगळी गंमत त्या सोयीतच आहे.

१९७१ साली मोल हे आंतरराष्ट्रीय पद्धतीतील सातवे मूलभूत एकक झाले, तेव्हाची व्याख्या ०.०१२ किलो कार्बन-१२ मधील अणूंच्या संख्येवर आधारलेली होती. २० मे २०१९ पासून ती उलटली आहे. आता ६०,२२,१४,०७६ या आकड्यावर पंधरा शून्ये एवढे कण म्हणजे एक मोल, असे थेट ठरवून टाकले आहे, आणि कार्बन-१२ चा मोल नेमका १२ ग्रॅमचा आहे का हे प्रयोगाने तपासायचे असते. त्यातील फरक अब्जांशाच्या आसपास असल्यामुळे शाळेत तो सांगण्याची गरज नाही; जुनी पुस्तके वापरत असाल तर व्याख्येची ओळ मात्र बदलून घ्यावी.

मुलांना आकड्याच्या आवाक्याची कल्पना द्यायची असेल तर तांदूळ घ्यावा. बियाणे पारखताना शेतीखात्याचे लोक ‘हजार दाण्यांचे वजन’ पाहतात, म्हणजे तेही तोलून मोजण्याचाच मार्ग वापरतात. हजार दाणे २० ग्रॅम धरले तर एक मोल तांदळाचे वजन सुमारे १,२०,००,००,००० कोटी टन होते. साऱ्या जगात वर्षाला साधारण पन्नास कोटी टन तांदूळ पिकतो; त्या वेगाने एक मोल दाणे जमवायला दोन कोटींहून अधिक वर्षे लागतील. आपल्या जुन्या गणनेत सतरा शून्यांच्या ‘परार्ध’ या संख्येशी मोजदाद थांबते. मोल म्हणजे असे साठ लाख बावीस हजार परार्ध.

प्रश्न (शहापूर, बेळगाव): एका मोल वायूचे आकारमान २२.४ लिटर की २२.७ लिटर? शिकवणीत एक सांगतात, पुस्तकात दुसरे आहे.

उत्तर: दोन्ही बरोबर आहेत, अटी वेगळ्या आहेत. तापमान दोन्हीकडे शून्य अंश सेल्सिअस आहे. दाब एक अ‍ॅटमॉस्फिअर धरला तर २२.४, आणि त्याहून किंचित कमी असलेला एक बार धरला तर २२.७. रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९८२ पासून प्रमाण दाब म्हणून एक बार स्वीकारला आहे, पण जुना आकडा अजून सर्वत्र नांदतो. प्रश्नपत्रिकेत कोणता दाब दिला आहे ते पाहून उत्तर लिहावे.

मुळात सगळ्या वायूंना एकच आकडा का चालतो, हे समजून घेणे अधिक महत्त्वाचे आहे. पायलीभर तांदूळ आणि पायलीभर हरभरे यांत दाण्यांची संख्या सारखी नसते, कारण पायली दाण्यांनीच भरलेली असते आणि हरभरा मोठा असतो. वायूची पायली मात्र जवळजवळ मोकळीच असते. साध्या हवेत दोन शेजारी रेणूंमधले अंतर रेणूच्या व्यासाच्या दहापटीच्या आसपास असते, त्यामुळे रेणू लहान की मोठा याने फारसे बिघडत नाही. जागा ठरते ती रेणूंच्या धावपळीने, म्हणजे तापमानाने आणि दाबाने. द्रवाला आणि घनाला हे लागू नाही. पाण्याचा मोल १८ मिलिलिटरमध्ये मावतो आणि साखरेच्या मोलाला त्याच्या दहापटीहून अधिक जागा लागते.

आणि आपल्या गावात २२.४ही नाही, २२.७ही नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर आहे, त्यामुळे येथील हवेचा दाब समुद्रकाठच्या दाबाच्या साधारण एक्क्याण्णव टक्केच असतो. २५ अंशांच्या सुखद दिवशी येथे एक मोल वायू पावणेसत्तावीस लिटरच्या आसपास जागा घेतो. प्रयोगशाळेत मोजनळीत वायू जमवून उत्तर पुस्तकाशी जुळत नाही म्हणून आकडे ‘दुरुस्त’ करण्याची पद्धत आहे. ती सोडून द्यावी आणि आधी दाबमापक पाहावा.

प्रश्न (चिक्कोडी तालुका): मी ऊस करतो. माझा मुलगा सांगतो की युरिया आणि अमोनियम सल्फेट या दोन्हींच्या सूत्रात नायट्रोजनचे दोनच अणू आहेत. मग एका पोत्यावर नत्र ४६ टक्के आणि दुसऱ्यावर २१ टक्क्यांच्या आत असे का? एखादे खत कमी प्रतीचे आहे का?

उत्तर: आपल्या मुलाचे म्हणणे बरोबर आहे आणि पोत्यांवरचे आकडेही बरोबर आहेत. मुलगा कण मोजतो आहे आणि पोते वजन सांगते आहे. युरियाचा एक मोल ६० ग्रॅमचा असतो. त्यात नायट्रोजन २८, कार्बन १२, ऑक्सिजन १६ आणि हायड्रोजन ४ ग्रॅम. अमोनियम सल्फेटचा एक मोल १३२ ग्रॅमचा असतो. त्यातही नायट्रोजन २८च, पण सोबत गंधक ३२, ऑक्सिजन ६४ आणि हायड्रोजन ८ ग्रॅम. नत्राचे ओझे तेच, गाडी दुपटीहून जड. अठ्ठावीसला साठने भागले की सत्तेचाळीस टक्क्यांच्या थोडे आत येते आणि एकशे बत्तीसने भागले की एकवीसच्या आसपास. पोत्यावरचा आकडा किंचित कमी असतो, कारण खत शंभर टक्के शुद्ध नसते.

व्यवहारात याचा अर्थ असा की युरियाच्या ४५ किलोच्या एका पोत्यात जवळपास २०.७ किलो नत्र असते, आणि तेवढेच नत्र अमोनियम सल्फेटमधून द्यायचे तर सुमारे शंभर किलो, म्हणजे ५० किलोची दोन पोती लागतात. नुसत्या नत्रासाठी पाहिले तर दुसऱ्या पोत्याचे भाडे आणि हमाली वाया गेली असे वाटेल. पण त्यातले गंधकही पिकाचे अन्नच आहे, आणि ज्या रानात गंधक कमी आहे तेथे ते वाया जात नाही. आपले रान कसे आहे हे माती तपासल्याशिवाय मला येथून सांगता येणार नाही. मातीचा नमुना जवळच्या रयत संपर्क केंद्रात देऊन विचारावे.

प्रश्न (टिळकवाडी, बेळगाव): मुलीने इंग्लंडहून रक्तातील साखर पाहण्याचे यंत्र पाठवले. त्यात उपाशीपोटी ७.१ असा आकडा आला. येथील प्रयोगशाळेच्या अहवालात त्याच सकाळी १२८ असे होते. यंत्र बिघडलेले आहे का?

उत्तर: यंत्र ठीक दिसते. आपली प्रयोगशाळा साखर तोलून सांगते आणि इंग्लंडचे यंत्र मोजून सांगते. अहवालातील १२८ म्हणजे एका डेसिलिटर, अर्थात १०० मिलिलिटर रक्तात १२८ मिलिग्रॅम ग्लुकोज. यंत्रावरील ७.१ म्हणजे एका लिटरमध्ये ७.१ मिलिमोल, मिलिमोल हा मोलाचा हजारावा भाग. ग्लुकोजचा मोल १८० ग्रॅमचा, म्हणून त्याचा मिलिमोल १८० मिलिग्रॅमचा. एका लिटरमध्ये १८० मिलिग्रॅम म्हणजे डेसिलिटरमध्ये १८. यंत्राच्या आकड्याला १८ ने गुणावे: ७.१ गुणिले १८ बरोबर १२७.८. दोन वेगळ्या यंत्रांचे आकडे इतके जवळ यावेत हेच विशेष.

मात्र हा अठराचा गुणक दुसरीकडे लावू नये. कोलेस्टेरॉलचा रेणू ग्लुकोजच्या दुपटीहून जड आहे, त्याचा मोल सुमारे ३८७ ग्रॅमचा भरतो, म्हणून तेथे ३८.७ ने गुणावे लागते. मुलीकडच्या अहवालातील ५.२ म्हणजे आपल्याकडचे २००च्या आसपास. शरीरातील बहुतेक व्यवहार रेणूला रेणू असे चालत असल्यामुळे मोजून सांगण्याची पद्धत मला अधिक समंजस वाटते. आपणही ती अर्धी स्वीकारलेली आहेच. आपल्याच अहवालात सोडियमचा आकडा बहुधा मिलिमोल किंवा मिलिइक्विव्हॅलंटमध्ये असेल, आणि सोडियमच्या आयनावर एकच भार असल्यामुळे हे दोन्ही आकडे सारखेच असतात. आकड्यांचे रूपांतर एवढेच मी सांगू शकतो, ७.१ चांगले की वाईट हे आपल्या डॉक्टरांना विचारावे.

प्रश्न (संकेश्वर): मी नववीत आहे. घरी एक मोल मोजून पाहता येईल का?

उत्तर: येईल. स्वयंपाकघरात डिजिटल काटा असेल तर आईला विचारून चार वाट्या मांड. पहिल्या वाटीत १८ ग्रॅम पाणी, म्हणजे साधारण साडेतीन चहाचे चमचे. दुसऱ्या वाटीत ५८ ग्रॅम मीठ. तिसऱ्या वाटीत खाण्याचा सोडा ८४ ग्रॅम. चौथ्या, जरा मोठ्या वाटीत ३४२ ग्रॅम साखर. प्रत्येक वाटीत एक मोल आहे. पाण्यात आणि साखरेत तो रेणूंचा आहे. मिठात वेगळे रेणू नसतात, सोडियम आणि क्लोराइड आयनांची अखंड रास असते, म्हणून तेथे एक सोडियम आणि एक क्लोराइड मिळून होणाऱ्या जोडीला एक कण धरतात. सोड्यातही आयनच असतात आणि हिशेब तसाच जोडीने करतात. चारही वाट्या शेजारी ठेवून पाहिल्यास सारखी संख्या किती वेगवेगळी दिसू शकते ते कळेल.

मिठाचा मोल खरा ५८.४४ ग्रॅमचा आहे आणि घरगुती काटा एक ग्रॅम इकडेतिकडे दाखवतो. तेवढी चूक होईल. त्या एका ग्रॅमच्या चुकीत मिठाच्या सुमारे दहा कोटी कोटी कोटी जोड्या असतील.